बॉस म्हणतात आयटीचा खर्च ३०% कापा, पण कुठून कापू?

प्रश्न: ताई, मी एका मध्यम कंपनीत आयटी बघते. आम्ही मशिनचे सुटे भाग बनवतो आणि डीलरना विकतो. दोन तिमाही झाल्या, ऑर्डरी खाली आल्यात, डीलर पेमेंट लांबवतायत. मालकांनी मीटिंगमध्ये सांगितलं की प्रत्येक डिपार्टमेंटने सरसकट ३०% खर्च कमी करून दाखवायचा. आमच्याकडे नवीन ईआरपीचं (सगळ्या डिपार्टमेंटचं काम एकाच जागी जोडणारं सॉफ्टवेअर) काम अर्धवट पडलंय, क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं, बिल दर महिन्याला वाढतंय आणि जुनी ऑर्डर सिस्टीम फक्त एका काकांना कळते, ते वर्षभरात रिटायर होतील. मालकांचे चिरंजीव म्हणतात एआय आणू, माणसं कमी लागतील. माझ्या टीममध्ये सहा जण आहेत, त्यातले दोन कमी करा असंही सुचवून झालंय. मला सगळंच गरजेचं वाटतं आणि मालकांना सगळंच जास्त वाटतं. कात्री कुठे लावू?

उत्तर:

आधी एक प्रश्न मालकांना विचारून या, तो विचारल्याशिवाय एक्सेल उघडूच नका. त्यांना अडचण रोख पैशाची आहे का वर्षाच्या नफ्याची? ऐकायला सारखंच वाटतं पण दोन्हीचे उपाय वेगळे निघतात. तुमच्याच पत्रात आहे की डीलर पेमेंट लांबवतायत, म्हणजे मला तरी रोखीचा प्रॉब्लेम दिसतोय, आणि तसं असेल तर वर्षभराचे पैसे आधीच भरलेलं सॉफ्टवेअर आज बंद करून हातात एक पैसाही येणार नाही, पण जे पुढच्या महिन्यात रिन्यू होणार आहे त्याचं वार्षिक अ‍ॅडव्हान्स पेमेंट तिमाहीवर आणलंत तर एकही गोष्ट बंद न करता पैसे वाचल्यासारखे होतात. ३०% हा आकडा बहुतेक कोणीतरी रात्री बसून काढलेला असतो, त्यामागे काय दुखतंय ते कळलं की अर्धं काम सोपं होतं.

आता कात्री. माझा नियम असा की एखादी गोष्ट किती महाग आहे यावरून ठरवायचं नाही, ती बंद केल्यावर परत आणायला काय लागेल यावरून ठरवायचं. वीस लायसन्स कमी केली तर परत घ्यायला एक ईमेल पुरतो. टेस्ट सर्व्हर बंद केला तर एका दिवसात परत उभा राहतो. पण ज्या माणसाला तुमचा डेटा कुठून कुठे जातो हे कळतं तो गेला तर वर्षभरात सुद्धा परत येत नाही. मंदीत पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नसतं, ऑर्डरी अजून पडतील किंवा सहा महिन्यांत एकदम उसळतील, त्यामुळे जे उलटं फिरवता येतं ते आधी कापा, बिनधास्त कापा, आणि जे उलटं फिरत नाही तिथे हात लावायच्या आधी दहादा विचार करा.

सुरुवात कॉन्ट्रॅक्टपासून. आयटीकडे असलेली सॉफ्टवेअरची यादी घेऊ नका, ती नेहमी अपुरी असते. अकाउंट्समध्ये जा आणि मागच्या बारा महिन्यांचं बँक आणि क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट मागा. मार्केटिंगने कार्डावर घेतलेलं डिझाईनचं टूल, कोणीतरी ट्रायलला घेतलेलं आणि बंद करायचं राहिलेलं काहीतरी, एचआरचं वेगळं, सेल्सचं वेगळं, एकाच कामाची दोन टूल्स, हे सगळं तिथेच सापडतं. मग प्रत्येक टूलच्या अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये जाऊन युझरची यादी काढा आणि शेवटच्या लॉगिनच्या तारखेवर सॉर्ट करा. सगळ्यात वर येतात ती नावं बघा, त्यातले काही जण नोकरी सोडून गेलेले असतात आणि त्यांचे पैसे अजून जात असतात (आणि त्यांचे लॉगिन अजून चालू असतात, ही वेगळी भीती). कोणाशी भांडण न करता निघणारे हे पैसे आहेत.

त्याच बसल्या बैठकीत रिन्यूअलच्या तारखा एका शीटवर काढा. बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं की तीस, साठ किंवा नव्वद दिवस आधी लेखी कळवलं नाही तर आपोआप एक वर्ष पुढे. त्यामुळे तुम्हाला हवी ती तारीख नोटीस द्यायची, रिन्यूअलची नाही. आणि व्हेंडरशी बोलताना नुसतं डिस्काउंट मागू नका. मंदीत ते डिस्काउंट लगेच देतात, फक्त बदल्यात तीन वर्षांची सही मागतात, आणि आपण २०% वाचवले म्हणून खुश होऊन पुढची तीन वर्षं गळ्यात बांधून घेतो. त्याऐवजी संख्या कमी करायची मुभा मागा, म्हणजे दर तिमाहीला युझर कमी-जास्त करता येतील असं लेखी घ्या, दर थोडा जास्त लागला तरी चालेल. एकाच व्हेंडरवर किती टांगून राहायचं याचा अनुभव तर अलीकडचाच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एकाच सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विकत घेतली आणि थोड्याच दिवसांत एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणं बंद करून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं, बऱ्याच कंपन्यांचं बजेट एका फटक्यात कोलमडलं आणि बाहेर पडायला वेळही नव्हता कारण सगळं त्यावरच उभं होतं.

क्लाउडचं बिल. इथे साधं गणित करा. आठवड्यात १६८ तास असतात. तुमचे डेव्हलपमेंट आणि टेस्टचे सर्व्हर दिवसाला बारा तास, आठवड्याला पाच दिवस लागतात, म्हणजे ६० तास. उरलेले १०८ तास ते रिकाम्या ऑफिसात दिवे जळावेत तसे जळत असतात. रात्री आणि शनिवार-रविवार आपोआप बंद होतील असं शेड्यूल लावलंत तर त्या सर्व्हरचा जवळपास ६४% चालू वेळ कमी होतो. (डिस्कचे पैसे चालूच राहतात हां, त्यामुळे बिल अगदी तेवढंच कमी होईल असं मालकांना सांगू नका.) मग कुठल्याच मशिनला न जोडलेल्या डिस्क, दोन वर्षांपूर्वीचे स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती), कोणीतरी डेमोसाठी उभा केलेला डेटाबेस. हे साफ झाल्यावरच एक वर्षाच्या कमिटमेंटचं डिस्काउंट घ्यायचा विचार करा, तोही फक्त कायम चालू असणाऱ्या भागासाठी. बरेच जण उलटं करतात, आधी कमिट करतात आणि मग साफसफाई, म्हणजे कचऱ्यावरच सवलत मिळवली!

क्लाउडच सोडा, स्वतःचे सर्व्हर घ्या, असं सांगणारे पण भेटतील. ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण देतील, त्यांचं २०२२ चं क्लाउडचं बिल सुमारे ३२ लाख डॉलर होतं आणि ते खरंच बाहेर पडले, पैसेही वाचवले. पण त्यांचा लोड बऱ्यापैकी स्थिर होता आणि सर्व्हर सांभाळणारी पक्की टीम घरातच होती. तुमच्या ऑर्डरी वरखाली होतायत आणि सहाची टीम चारवर आणायची भाषा चालू आहे, तुम्ही आत्ता त्या वाटेला जाऊ नका. हार्डवेअर घ्यायला रोख लागते, आणि तीच तर नाहीये.

लॅपटॉप बदलायचं पुढे ढकला, पाच-सहा वर्षं आरामात चालतात, रॅम आणि एसएसडी टाकलं की लोक तक्रारही करत नाहीत. फक्त विंडोज १० वर कोण कोण आहे ते बघून घ्या, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्या मशिन तशाच नेटवर्कवर ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. बॅकअप आणि टू-फॅक्टर लॉगिन यांना कात्री नाही. यावर चर्चासुद्धा नको.

आता काकांकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. जुनी सिस्टीम चांगल्या दिवसांत चालते म्हणून वाईट दिवसांतही चालेल असं नसतं. चांगल्या दिवसांत काय होतं, ऑर्डर येते, माल जातो, बिल होतं. मंदीत ऑर्डरी अर्धवट रद्द होतात, माल परत येतो, क्रेडिट लिमिट बदलावी लागते, एकाच बिलाचे तीन तुकड्यांत पैसे येतात. जे वर्षातून चारदा व्हायचं ते रोज होतं, आणि नेमकं तेच सिस्टीममध्ये कोणी नीट केलेलं नसतं, काका ते मागच्या दाराने हाताने दुरुस्त करतात, सरळ टेबलमध्ये एंट्री मारून. तुमच्याकडे असं होत नसेल तर उत्तम, पण एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा.

साउथवेस्ट एअरलाइन्सचं आठवतंय का, डिसेंबर २०२२? वादळ सगळ्याच विमान कंपन्यांना लागलं, बाकीच्या दोन-तीन दिवसांत सावरल्या, साउथवेस्टची मात्र १६ हजारांहून जास्त विमानं रद्द झाली कारण कोणता पायलट आणि क्रू कुठे आहे याचा मेळ घालणारं त्यांचं सॉफ्टवेअर इतक्या बदलांना पुरं पडलं नाही, क्रूची माणसं फोनवर तासन्‌तास होल्डवर होती. ते सॉफ्टवेअर रोजचं काम नीट करत होतं म्हणूनच तर कोणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. वर्षभराने अमेरिकेच्या वाहतूक खात्याने त्यांना १४ कोटी डॉलरचा दंड लावला. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरनी तर जाहीरपणे कोबोल ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा येणारी माणसं मागितली होती, बेकारी भत्त्याचे अर्ज एकदम वाढले आणि सिस्टीम चाळीस-एक वर्षं जुनी, समजणारे लोक केव्हाच रिटायर झालेले.

काकांना 'डॉक्युमेंटेशन करून द्या' असं सांगू नका, ते चार पानं लिहितील आणि त्यात सगळं असेल, फक्त कामाचं तेवढं नसेल. उलटं करा. महिनाअखेरचं काम तुमच्या टीममधल्या कोणालातरी करायला लावा, काकांनी शेजारी खुर्ची टाकून नुसतं बघायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही. तो जिथे अडेल तिथे काका बोलतील, 'अरे तो डीलर आहे ना, त्याचा कोड दोनदा आहे, जुना वापर' वगैरे. स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करा. तीन महिनाअखेरी अशा काढल्या की बऱ्यापैकी बाहेर येतं. आणि रिटायर झाल्यावर महिन्यातून थोडे दिवस सल्लागार म्हणून येतील का हे आत्ताच विचारा, मानाने विचारा. आपल्यानंतर काय, असा विचार कंपनीने केला तर अशी माणसं खुश होतात, पण आपली जागा भरायला आणलाय असं वाटलं तर तोंड शिवून बसतात.

ईआरपीचं भिजत घोंगडं. इतके पैसे घातलेत म्हणून पूर्ण करायचं, हे कारण नाही. मंदी आहे म्हणून बंद करायचं, हेही नाही. एकच बघा, आत्ता कंपनीला ज्या दोन प्रश्नांची उत्तरं रोज हवीत, म्हणजे गोडाऊनमध्ये कुठला माल किती दिवस पडून आहे आणि कुठल्या डीलरकडे किती पैसे अडकलेत, ती उत्तरं देणारा भाग किती दूर आहे? इन्व्हेंटरी आणि येणी एवढेच दोन मॉड्यूल नेटाने पूर्ण करा, प्रॉडक्शन प्लॅनिंग, एचआर, ते सुंदर डॅशबोर्ड, सगळं थांबवा. थांबवायचं म्हणजे आहे तिथे सोडून द्यायचं नाही. कोड कुठे आहे, कुठला डेटा साफ झालाय, जुन्या कुठल्या कॉलमचं नव्यात काय झालं, काय ठरायचं राहिलंय, हे लिहून घेऊन थांबवा, नाहीतर वर्षभराने परत पहिल्यापासून पैसे जातील. आणि 'तीन महिन्यांत सगळं उरकून टाकू' असा उत्साह कोणी दाखवला तर त्यांना हर्षी चॉकलेटवाल्यांची गोष्ट सांगा. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं आणि १९९९ मध्ये ऐन हॅलोविनच्या सीझनच्या तोंडावर सिस्टीम चालू केली, माल गोडाऊनमध्ये आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत.

चिरंजीवांच्या एआयला नाही म्हणू नका. नाही म्हटलंत की तुम्ही जुनाट ठरता आणि मग ते तुम्हाला बाजूला ठेवून कोणातरी कन्सल्टंटकडून काहीतरी मोठं विकत घेऊन येतात. एक छोटं, मोजता येणारं काम द्या. डीलर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर वाटेल तशा ऑर्डरी पाठवतात, कोणी पार्ट नंबर लिहितं, कोणी नुसता फोटो टाकतं, आणि दोन जण दिवसभर ते सिस्टीममध्ये टाइप करत बसतात, असं तुमच्याकडेही असणार. एआयने त्यातून कच्ची ऑर्डर बनवायची, माणसाने बघून ओके करायची. दोन महिने, जेवढा वापर तेवढे पैसे, वार्षिक करार नाही. सुरू करायच्या आधीच ठरवा की शंभरातल्या किती ऑर्डरी दुरुस्त न करता पास झाल्या तर चालू ठेवायचं आणि किती झाल्या तर गुंडाळायचं, आणि तो आकडा चिरंजीवांनाच ठरवू द्या. माणसं कमी होण्याचं स्वप्न मात्र आत्ता बजेटमध्ये धरू नका. क्लार्ना या स्वीडनच्या पेमेंट कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांचा एआय असिस्टंट ७०० माणसांचं काम करतोय, केवढी वाहवा झाली, आणि २०२५ मध्ये तेच कस्टमर सर्व्हिससाठी परत माणसं घेत होते.

आता ती दोन माणसं. मी भावनेवर बोलत नाही, मालकांना भावना चालणार नाहीत. त्यांच्यापुढे आकडे ठेवा. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०१० साली एक अभ्यास आला होता, तीन मंद्यांमधल्या ४,७०० कंपन्यांचा. मंदीनंतर खऱ्या अर्थाने वर आल्या फक्त ९%. आणि इतरांपेक्षा लवकर आणि खोलवर खर्च कापणाऱ्यांची नंतर पुढे जायची शक्यता सगळ्यात कमी होती. ज्या वर आल्या त्यांनीही खर्च कापला होता, पण माणसं काढण्यापेक्षा काम करायची पद्धत सुधारण्यावर त्यांचा जोर होता, आणि नेमक्या जागी पैसे घालणंही त्यांनी थांबवलं नव्हतं. अ‍ॅमेझॉनचं बघा, डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर त्यांनी महागडे सर्व्हर काढून लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उडी मारली आणि २००१ च्या तिसऱ्या तिमाहीत टेक्नॉलॉजीचा खर्च आदल्या वर्षीच्या ७.१ कोटी डॉलरवरून ५.४ कोटींवर आला. हे बदलायला घरातलीच जाणकार माणसं लागतात. तुमची दोन काढलीत तर वर लिहिलेलं सगळं, लायसन्सची साफसफाई, क्लाउडचं शेड्यूल, काकांच्या शेजारी बसणं, हे करणार कोण? त्यापेक्षा आधी बाहेरचे कॉन्ट्रॅक्टर, रिकाम्या जागा आणि सपोर्टचे प्रीमियम प्लॅन बघा. तरीही एक माणूस कमी करावाच लागला तर कोण स्वस्त आहे ते बघू नका, कोणाचं काम दुसऱ्या कोणालाही येतं ते बघा.

मालकांकडे जाताना पंचवीस स्लाइडचं प्रेझेंटेशन नको. एकच शीट. काय बंद करतोय, पैसे कुठल्या महिन्यापासून वाचतील, परत हवं असेल तर किती दिवस आणि किती खर्च. खाली दोन ओळी, की ऑर्डरी अजून १५% पडल्या तर पुढे काय कापणार आणि दोन महिने सलग वाढल्या तर पहिलं काय परत चालू करणार. पंधरा म्हणजे पंधराच असं नाही, आकडा तुमचा, पण तो शांत डोक्याने आज ठरलेला बरा, घाबरलेल्या मीटिंगमध्ये नाही.

समजा ओढूनताणून २२ टक्क्यांपर्यंत आलात आणि पुढे घोडं अडलं, तर उरलेले आठ कुठेतरी लपवून ३० दाखवू नका. त्या आठ टक्क्यांसाठी काय काय बंद करावं लागेल ते नावानिशी लिहा, काकांचं ट्रेनिंग, इन्व्हेंटरीचं मॉड्यूल, एक माणूस, आणि निवड त्यांना करू द्या. मालक लोक बऱ्याचदा नावं वाचल्यावर आकडा सोडतात. नाही सोडला तरी निर्णय त्यांचा आणि लेखी राहतो.

एक मात्र तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, ईआरपीच्या व्हेंडरला पैसे कसे जातायत? टप्पा पूर्ण झाल्यावर जात असतील तर या महिन्यात निवांत बसून कुठे थांबायचं ते ठरवा. माणसं-दिवसांच्या हिशोबाने जात असतील तर हे वाचून झालं की आधी त्यांनाच फोन लावा, कारण काम अडकलेलं असलं तरी त्यांचं मीटर चालू आहे.